जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि भिंतीवर कोण?

गेले तीन वीकएंड रिलीजने खाल्ले, त्यामुळे इकडे फिरकणं झालं नाही. आज सकाळीच ठरवलं होतं की लॅपटॉप उघडायचा तो फक्त लिहायला. विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. आपल्या भिंतींवर ज्यांच्या तसबिरी लागतात त्यांची निवड करतं कोण? आणि ज्यांच्या लागत नाहीत त्यांचं पुढे काय होतं? हसू नका, प्रश्न वाटतो तेवढा रिकामटेकडा नाही.

महाराष्ट्र शासनाचा सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी एक परिपत्रक काढतो. येत्या वर्षात कुठल्या राष्ट्रपुरुषांच्या आणि थोर व्यक्तींच्या जयंत्या सरकारी कार्यालयांत साजऱ्या करायच्या, त्याची तारीखवार यादी. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद, १९ फेब्रुवारीला शिवाजी महाराज, ११ एप्रिलला जोतीराव, १४ एप्रिलला बाबासाहेब, ३१ मेला अहिल्यादेवी, १ जुलैला वसंतराव नाईक. तलाठी कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत सगळीकडे तोच क्रम. सकाळी कपाटावरची फ्रेम खाली येते, शिपाईमामा ओल्या फडक्यानं काच पुसतात, टेबलावर पांढरा कपडा, झेंडूचा हार, उदबत्ती. साहेब दोन शब्द बोलतात (दोनच असतात), मोबाईलवर फोटो निघतो, ग्रुपवर पडतो, आणि संध्याकाळपर्यंत फ्रेम परत कपाटावर.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा एक लुकअप टेबल आहे. तारीख, नाव, प्रतिमा असे तीन कॉलम भरलेले, आणि "हा माणूस नेमका कसा जगला" हा चौथा कॉलम सगळीकडे नल.

कुचेष्टा करायची म्हणून हे लिहीत नाहीये. उलट मला वाटतं की आपलं राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालय असं काही असेल तर ते हेच. इमारत नाही, तिकीट नाही, क्युरेटर नाही. परिपत्रक आहे आणि हजारो कपाटं आहेत. शाळेत जाणारं प्रत्येक पोर वर्षातून वीस-पंचवीस वेळा या संग्रहालयाला भेट देतं. इतके प्रेक्षक जगातल्या कुठल्या गॅलरीला मिळत असतील?

आता जरा लंडन. ऑनसाइटला गेलेला प्रत्येक मराठी इंजिनिअर ट्रफाल्गर चौकात सिंहासोबत फोटो काढतो, जमलं तर नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगची सूर्यफुलं बघतो, आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटकडे वळतो. त्याच गॅलरीच्या पाठीला लागून नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आहे, तिथे फारसं कुणी जात नाही. प्रवेश फुकट आहे हो! ती १८५६ मध्ये सुरू झाली आणि तिच्या संग्रहातलं पहिलं चित्र शेक्सपिअरचं मानलं जाणारं. सुरुवातीलाच त्यांनी एक नियम केला: चित्रकार किती थोर हे बघायचं नाही, चित्रातला माणूस किती महत्त्वाचा ते बघायचं. दुसरा नियम मला त्याहून आवडतो. माणसाच्या हातून मोठ्या चुका झाल्या असतील, त्या सगळ्यांना मान्यही असतील, तरी तेवढ्यावरून त्याला बाहेर ठेवायचं नाही. तिसरा नियम असा होता की मेल्यावर दहा वर्षं झाल्याशिवाय कुणाला भिंतीवर घ्यायचं नाही, फक्त राजाराणीला सवलत. तो १९६९ मध्ये काढून टाकला.

पहिल्या नियमाचा अर्थ काय होतो ते एका चित्रावरून कळतं. ब्राँटे भगिनींचं चित्र, त्यांच्या भावानं, ब्रॅनवेलनं, १८३४ च्या सुमारास काढलेलं. चित्र म्हणून बेतासबात. मध्ये एक धुरकट खांब दिसतो, तो मुळात ब्रॅनवेल स्वतः. स्वतःलाच त्यानं रंगवून झाकून टाकलं. हे चित्र पुढे कितीतरी वर्षं घडी घालून एका कपाटावर पडलं होतं. शार्लटच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला ते १९१४ मध्ये सापडलं. गॅलरीनं ते तसंच लावलंय, घड्यांच्या रेघांसकट. तीन लेखिका एकत्र दिसतात असं दुसरं काही नाही म्हटल्यावर रेघांचं काय मोठंसं!

कपाटावर पडलेलं, घडी घातलेलं चित्र. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच गॅलरीच्या संग्रहात आपल्या नाशिकमध्ये जन्मलेली एक बाई आहे. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर. ऑक्सफर्डला कायदा शिकणारी पहिली स्त्री. १८९२ मध्ये परीक्षा दिली, पण बायकांना पदवी द्यायची नाही हा ऑक्सफर्डचा नियम, त्यामुळे हातात पदवी पडायला १९२२ उजाडलं. नंतरचं आयुष्य पडद्यातल्या, इस्टेटीवरून नाडल्या जाणाऱ्या बायकांचे खटले लढवण्यात गेलं. गांधींच्या चळवळीला तिचा विरोध होता, ब्रिटिश राज्यच बरं असं ती उघड म्हणायची. झालं! आपल्याकडे एवढ्यावर विषय संपतो. तिची तसबीर कुठल्या कपाटावर असणार आणि तिला हार कोण घालणार? फोटो आहे तो लंडनच्या लाफायेत स्टुडिओनं काढलेला, लंडनच्याच गॅलरीत.

हार आला की माणूस तपासायची सोय संपते. तसबीर पूजेची झाली की तिच्यातल्या माणसाला चूक करायची परवानगी राहत नाही, आणि ज्यानं जगजाहीर चुका केल्या त्याला तसबीर मिळत नाही. माझी मूळ तक्रार ही आहे, बाकी सगळं तिचे फाटे.

आपल्याकडे व्यक्तिचित्रांची परंपरा नाही असंही काही नाही. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पेशव्यांच्या दरबारी पुण्यात होता. त्यानं १७९२ मध्ये सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं मोठं तैलचित्र रंगवलं. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकारानं शनिवारवाड्यात चित्रकलेचे धडेही सुरू झाले आणि गंगाराम तांबट यांच्यासारखा आपला माणूस तिथे तयार झाला. १७९५ मध्ये सवाई माधवराव वाड्यात पडून गेले, वय एकवीस. वेल्सही त्याच वर्षी गेला. म्हणजे तीन वर्षं उशीर झाला असता तर त्या पोरसवदा पेशव्याचा चेहरा आपल्याला इतका नीट कळला नसता. (ते चित्रही लंडनलाच आहे, रॉयल एशियाटिक सोसायटीत. असो.)

स्वतंत्र भारतात लंडनच्या गॅलरीच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा म्हणजे जुन्या संसदेचा सेंट्रल हॉल, आताचं संविधान सदन. तिथे टिळकांचं जे तैलचित्र आहे ते गोपाळ देऊसकरांनी केलेलं. १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, नेहरूंनी त्याचं अनावरण केलं. देऊसकर नगरचे. आईवडील लवकर गेले म्हणून हैदराबादला काकांकडे वाढले. काका रामकृष्ण वामन देऊसकर निजामाच्या हैदराबादेतले नावाजलेले चित्रकार. टिळक गेले १९२० मध्ये, तेव्हा देऊसकर नऊ वर्षांचेही नव्हते. त्यामुळे टिळक त्यांच्यासमोर बसले वगैरे प्रकार नाही, फोटोंवरून आणि ऐकीव माहितीवरून उभं केलेलं चित्र. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गेलात तर त्यांनीच केलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं दिसतील, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. नाटकाला उशीर झाला नसेल तर थांबून बघा. एकाच माणसाची दोन चित्रं शेजारी असण्यात जेवढं चरित्र येतं तेवढं मोठ्या ग्रंथात येईलच असं नाही.

सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं चित्र कधी लागलं माहितीये? १२ एप्रिल १९९०. ज्यांनी त्याच हॉलमध्ये उभं राहून घटना समितीत मसुदा मांडला आणि कलमागणिक लढवला, त्यांना भिंतीवर यायला निधनानंतर तेहतीस वर्षं लागली. चित्र झेबा अमरोहवी यांचं. सावरकरांचं चित्र २००३ मध्ये लागलं तेव्हा विरोधकांनी बहिष्कार टाकला होता. संबंध हॉलमध्ये बायका दोनच, सरोजिनी नायडू आणि इंदिरा गांधी. म्हणजे तिथेही क्युरेटर नाही. बहुमत आहे आणि शताब्द्या आहेत.

पण बाबासाहेबांच्या बाबतीत एक गोष्ट झाली जी कुठल्याही गॅलरीच्या इतिहासात झाली नसेल. संसदेनं चित्र लावायच्या कितीतरी आधी लोकांनी लावलं होतं. परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, वस्तीतल्या घरात टीव्ही आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, पण निळ्या कोटातले बाबासाहेब आहेत हे पैजेवर सांगतो. शेजारी बुद्ध, बऱ्याचदा रमाई. परिपत्रकानं सांगितलं म्हणून हा फोटो लागलेला नाही. मराठवाड्यात विद्यापीठाला नुसतं त्यांचं नाव देण्यावरून १९७८ मध्ये घरं जळली आणि नामविस्तार व्हायला १९९४ उजाडलं. अशा मुलखात घरात तो फोटो लावणं म्हणजे सजावट नव्हती. तसबीर कशासाठी असते हे त्या घरांना कुठल्याही क्युरेटरपेक्षा जास्त कळलेलं आहे.

आता चेहऱ्यांची गंमत. संत तुकाराम म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जो चेहरा येतो तो बहुतेक विष्णुपंत पागनीसांचा असतो. प्रभातचा सिनेमा आला १९३६ मध्ये, व्हेनिसला नावाजला गेला, आणि त्यानंतर कॅलेंडरवाल्यांनी, मूर्तिकारांनी, पुस्तकाच्या मुखपृष्ठांनी पागनीसांनाच तुकाराम करून टाकलं. लोक पागनीसांच्या पाया पडायचे म्हणतात. यात कुणाचं काही बिघडलं नाही, कारण तुकोबांचा खरा चेहरा कुणाकडेच नव्हता.

शिवाजी महाराजांचं तसं नाही. त्यांची जवळपास समकालीन चित्रं आहेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या विट्सन अल्बममध्ये गोवळकोंड्याच्या चित्रकाराचं एक आहे. तरीही आपल्याकडे कितीतरी वर्षं भलत्याच माणसाचं, इब्राहिम खान नावाच्या सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं! इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांमधून खरं चित्र शोधून १९३३ मध्ये लोकांसमोर ठेवलं, तेव्हा तो घोळ मिटला. विचार करा, ज्या राजाच्या नावानं आपण श्वास घेतो त्याच्या जागी भलताच चेहरा आणि कुणाला पत्ता नाही.

आज सरकारी कचेऱ्यांत महाराजांचं जे अधिकृत चित्र दिसतं ते कोल्हापूरच्या जी. कांबळे यांचं. कांबळे म्हणजे सिनेमाच्या पोस्टरची दुनिया. शांतारामबापूंच्या राजकमलमध्ये काम केलेला माणूस, 'मोगल-ए-आझम'साठी मराठा मंदिरावर जे अवाढव्य बॅनर लागले ते रंगवणारा. ज्या हातानं दिलीपकुमार-मधुबाला रंगवले त्याच हातानं महाराष्ट्राचा सगळ्यात जास्त पाहिला जाणारा चेहरा घडवला. मला हे फार आवडतं. ते चित्र फोटो नाही, चित्रकाराची कल्पना आहे, पण आधीची चित्रं बघून, जबाबदारीनं केलेली आणि चित्रकाराच्या नावासकट. वाद घालायचा तर कुणाशी घालायचा ते माहीत आहे.

हे सगळं पाल्हाळ आत्ता लावण्याचं कारण सांगतो. गेल्या वर्षभरात माझ्या फोनवर "दुर्मिळ फोटो" म्हणून जे काही येतंय त्यातलं निम्मं एआयनं बनवलेलं असतं. संतांचे फोटो, क्रांतिकारकांचे फोटो, डोळे मिचकावणारे, मान वळवणारे, हसणारे. ज्या काळात कॅमेराच नव्हता त्या काळातले लोक पासपोर्टसाइजमध्ये. मी याच धंद्यात आहे, ही मॉडेल्स आतून कशी चालतात याची मला बऱ्यापैकी कल्पना आहे. त्यांना चेहरा माहीत नसतो. त्यांना "साधारण असा चेहरा असतो" एवढंच माहीत असतं. फाटलेल्या जुन्या फोटोची दुरुस्ती करायला दिली तर नाकाच्या जागी ते सरासरी नाक बसवतात, आजोबांचं नाही. गालावरचा देवीचा व्रण डाग समजून पुसतात. नातवाला वाटतं, काय झकास क्लीन झालं! आणि मूळ फोटो जातो रद्दीत, कारण आता "एचडी" आहे ना.

इब्राहिम खानाचा घोळ निस्तरायला एक बेंद्रे पुरले, कारण चूक एकच होती आणि मूळ चित्र कुठेतरी शाबूत होतं. आता घोळ लाखोंनी होणार आहेत. मूळ शाबूत नसेल तर बेंद्रे तरी काय करणार?

म्हणून परभणी. (आलो एकदाचा मुद्द्यावर!)

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आम्ही परभणीकर छातीठोकपणे सांगतो. अर्थ विचारू नका, आम्हालाही सांगता येत नाही. पण चेहऱ्यांच्या बाबतीत आमचा जिल्हा खरंच नमुनेदार आहे. गंगाखेडच्या जनाबाई घ्या. गाव माहीत, अभंग माहीत, चेहरा कुणालाच माहीत नाही. नामदेवांच्या घरची दासी, सातशे वर्षांपूर्वीची. तिला कोण समोर बसवून चित्र काढणार होतं? तिची जी चित्रं आहेत ती सगळी जात्याची. ती दळतेय आणि पांडुरंग खुंट्याला हात लावतोय. मला विचाराल तर हे उत्तम व्यक्तिचित्र आहे, कारण त्यात चेहरा नसून काम आहे. लंडनवाल्यांना हे सुचायचं नाही. त्याच्या बरोबर उलट प्रकार पाथरीला. साईबाबांचा चेहरा सगळ्या जगाला पाठ, फोटो आहेत, तैलचित्र आहे, पण जन्मगाव कुठलं? पाथरीकर म्हणतात आमचं. २०२० च्या जानेवारीत त्यावरून शिर्डीनं कडकडीत बंद पाळला होता, आठवत असेल.

आणि तिसरे बी. रघुनाथ. भगवान रघुनाथ कुलकर्णी. तुमच्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय? जन्म १५ ऑगस्ट १९१३, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा. परभणीत बांधकाम खात्यात कारकुनी. कविता, कथा, कादंबऱ्या: 'आडगावचे चौधरी', 'म्हणे लढाई संपली', 'जगाला कळलं पाहिजे'. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, शिक्षण उर्दूतून, आणि हा माणूस रोजचं हापीस सांभाळून मराठीत कादंबरी लिहितोय. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्यांचा चौतिसावा वाढदिवस होता, पण परभणी स्वतंत्र नव्हती. आमच्याकडे तो दिवस यायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. त्यानंतर पाचच वर्षांनी, ७ सप्टेंबर १९५३ ला, ते गेले. कचेरीत, कामावर असतानाच. वय चाळीस.

परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथे लग्नाच्या याद्यांपासून राजकीय मेळाव्यांपर्यंत बरंच काही होतं असं तुम्ही म्हणाल, तर होऊ दे, नाव तरी रोज तोंडात येतं. पण त्यांचा फोटो शोधायला गेलो तर मला फिरून फिरून तोच एक भेटतो, छापाची छाप, त्याचीही छाप, प्रत्येक वेळी थोडा आणखी काळा. नऊ ते पाच नोकरी करून लिहिणाऱ्या माणसाचं टेबल कसं होतं? कचेरीतल्या सहकाऱ्यांच्या ग्रुप फोटोत ते कुठल्या ओळीत उभे होते? मी पण दिवसा दुसऱ्याचा कोड लिहितो आणि शनिवारी हे. त्यामुळे असेल कदाचित, पण मला त्या ग्रुप फोटोत फार इंटरेस्ट आहे. कचेऱ्यांत असे फोटो निघायचेच, बदलीला, निरोप समारंभाला. कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी आजोबांसोबत उभे असलेले बी. रघुनाथ आज असू शकतात, आणि त्या घरातल्या कुणालाच ते ठाऊक नसेल.

मुक्तिसंग्रामाचंही तेच. दर १७ सप्टेंबरला राजगोपालाचारी उद्यानात झेंडा फडकतो, स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेतलं जातं, रास्तच आहे. पण सत्याग्रहात गेलेली, सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिलेली, निरोप पोचवणारी, भाकरी बांधून देणारी गावोगावची माणसं? १९४८ मध्ये जो वीस वर्षांचा होता तो आज असलाच तर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव वर्षांचा. फोटोत डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारी ही शेवटचीच माणसं. अजून पाच वर्षांनी फोटो राहतील, नावं राहणार नाहीत. नाव नसलेला फोटो म्हणजे कॉलमचं नाव उडालेला डेटा. आहे सगळं, उपयोग शून्य.

त्यात बायकांचे फोटो आणखी कमी. लग्नातला एक, तोही डोक्यावरून पदर कपाळापर्यंत. पुष्कळ घरांत आजीचा एकटीचा पहिला फोटो म्हणजे रेशनकार्डासाठी किंवा मतदार ओळखपत्रासाठी काढलेला, आणि गेल्यावर तोच मोठा करून हार घातलेला.

तर माझं म्हणणं असं आहे की परभणीला एक तसबीरघर हवं. घाबरू नका, कोटींचा प्रकल्प आणि पुतळा असलं काही मी सुचवत नाहीये. जिल्हा ग्रंथालयाची एक भिंत पुरेल, किंवा कृषी विद्यापीठातली एक खोली. लंडनवाल्यांचे पहिले दोन नियम उचलायचे: चित्र कसं आहे ते बघायचं नाही, आणि चुका केल्या म्हणून कुणाला गाळायचं नाही. तिसरा मी घालतो, हार घालायचा नाही. प्रत्येक फोटोखाली दीडशे शब्द: कोण, कुठला, काय केलं, कशात कमी पडला, हे सांगितलं कुणी. एआयनं उजळलेला फोटो चालणार नाही. चिरा, घड्या, वाळवीनं खाल्लेला कोपरा, सगळं जसंच्या तसं. बी. रघुनाथ असतील, पण त्यांच्या शेजारी एखादी सुईण असेल, तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात पिढ्यान्‌पिढ्या दुकान मांडणारा असेल, १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ सुरू झालं तेव्हा ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातला कुणी असेल.

"कोण ठरवणार?" हा प्रश्न तुम्ही विचारणारच, आणि तो बरोबर आहे. जात निघेल, पक्ष निघेल, "आमच्या दादांचा फोटो मधोमध का नाही" निघेल. निघू दे. सेंट्रल हॉलमध्ये निघालं ते आमच्या नानलपेठेत निघणार नाही असं थोडंच आहे? फक्त एक करता येईल: आधी गोळा करायचं, भिंतीचं नंतर बघायचं. डिस्क स्वस्त आहे, भिंत महाग. चार हजार फोटो गोळा झाले आणि भिंतीवर चाळीस लागले तरी उरलेले तीन हजार नऊशे साठ नावांसकट कुठेतरी राहतील. चाळीस कुठले यावर पुढच्या पिढीनं खुशाल भांडावं, भांडायला काहीतरी शिल्लक असेल.

इथे वाचणारे बहुतेक जण माझ्यासारखेच, पुण्यात नाहीतर बंगलोरला, गाव वर्षातून दोनदा. दिवाळीला जाल तेव्हा एक दुपार काढा. पत्र्याची ट्रंक माळ्यावर असते, फोटो तिच्यात तळाशी, नाहीतर भिंतीवरच्या जुन्या मोठ्या फ्रेममध्ये दहा-बारा एकत्र कोंबलेले. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच घ्या. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला सहाशे डीपीआय पुरे, फाईल टिफमध्ये ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका, तो पिक्सेल खातो. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो, कधी तारीख असते. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, फोन रेकॉर्डिंगला लावा आणि डावीकडून सुरुवात करा. "हा कोण?" एवढंच विचारायचं, मध्ये बोलायचं नाही. नावं कळली की ती फोटोच्या मागे लिहा. पेन्सिलीनं, आणि हलक्या हातानं. बॉलपेन नको, त्याची शाई काही वर्षांत पुढून चेहऱ्यावर उमटते.